सातवा ट्रॅक

गिरगावातल्या एका वाडीत रूपर्ट बाप्टिस्टचं लाकडी जिन्याचं घर होतं. वर बाप्टिस्ट कुटुंबाचं बिऱ्हाड आणि खाली रेकॉर्डिंग स्टुडिओ. विठोबा घाडी तिथे एकोणीस वर्षं काम करत होता. आला तेव्हा झाडू मारायला आणि चहा आणायला आला होता. पण तो मूळचा परळच्या गिरणीतला, साचेखात्यातला, म्हणजे मागांच्या खात्यातला फिटर. बिघडलेलं यंत्र समोर दिसलं की त्याच्या हातांना स्वस्थ बसवत नसे. दोनेक वर्षांत स्टुडिओतली सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात आली. पुढे रूपर्टने आठ ट्रॅकची डिजिटल मशीन आणली, तेव्हा तिचं झाकणही पहिल्यांदा विठोबानेच उघडलं. बऱ्याच वर्षांनी तसलीच दुसरी आली.

आता त्या दोन्ही मशिनी कोपऱ्यात कापडाखाली होत्या. सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं होतं. विठोबा रोज सकाळी ते कापड झटकायचा आणि परत घालायचा.

कमल परब आली ती दुपारी, रूपर्ट जेवून नुकताच खाली उतरला होता तेव्हा. पंचविशीची, खांद्याला ऑफिसची पर्स. दारात चपला काढू की नको अशी घुटमळली, मग पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून तिने रूपर्टपुढे धरला.

"हा तुमच्याकडचाच ना? वडिलांच्या ट्रंकेत सापडला. गेल्या माघात गेले ते."

कागदावर आठ चौकटी छापलेल्या होत्या. कोणत्या ट्रॅकवर काय आहे ते लिहायचा स्टुडिओतला नेहमीचा कागद. पहिल्या चौकटीत 'आवाज', दुसऱ्या चौकटीत 'पेटी', तिसऱ्या चौकटीत 'झांज'. मधल्या तीन कोऱ्या. सातव्या चौकटीत 'पखवाज – विठू', आणि त्यापुढे कंसात 'बाकी'. वर तारीख शहाण्णव सालची आणि नाव चिंतामणी परब.

"माझंच अक्षर," रूपर्ट म्हणाला. "बस बाय, बस."

"आई म्हणते ते भजनाचे बुवा होते. डिलाईल रोडला आमच्या चाळीत त्यांच्या भजनाला माणसं जिन्यावर बसायची म्हणे. मी कधी ऐकलंच नाही. मला आठवतं तेव्हापासून ते घरात कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत. कुठेच काही नाही, एक साधी कॅसेटही नाही. मग हा कागद मिळाला." तिने सातव्या चौकटीवर बोट ठेवलं. "हा विठू कोण? त्याने वाजवलं का पुढे?"

रूपर्टने विठोबाकडे पाहिलं. विठोबा कोपऱ्यात वायर गुंडाळत होता. ती वायर त्याने पुन्हा उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"मीच," तो म्हणाला. "नाही वाजवलं."

आठ ट्रॅक म्हणजे एकाच फितीवर आठ वेगवेगळ्या वाटा. गाणाऱ्याने आज गावं, वाजवणाऱ्याने महिन्याने येऊन दुसऱ्या वाटेवर वाजवावं, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की दोघं मांडीला मांडी लावून बसलेत. चिंतामणी त्यासाठीच आला होता. ज्याच्याशी तेरा वर्षं बोलणं नव्हतं, त्याच्यासोबत भजन करायची तेवढी एकच रीत उरली होती.

ब्याऐंशी सालच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. चिंतामणी साचेवाला आणि विठोबा त्याचे साचे दुरुस्त करणारा फिटर. एकाच चाळीत, एकाच मजल्यावर राहायचे. दर शनिवारी चाळीच्या भजनात चिंतामणी बुवा आणि विठोबा पखवाजाला. संपाचं पहिलं वर्ष दोघांनी बरोबर काढलं. सभेला बरोबर गेले, गावाहून आलेले तांदूळ वाटून खाल्ले. दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, सकाळी नळावर चिंतामणीने त्याला गाठलं. आवाज खाली होता.

"विठू, मी भितर जातंय. चेडवाचो ताप उतरणा नाय. डागदर म्हणता टायफॉइड."

विठोबाने हंडा भरला आणि उचलून निघून गेला. त्याच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती: गेट ओलांडायचं नाही म्हणजे नाही. त्याची बायको कौसल्या मसाले कुटून घर चालवत होती. त्याने स्वतः घड्याळ, सायकल आणि पितळेची भांडी घालवली होती. जे आपल्याला जमतं ते दुसऱ्याला का जमू नये, असं त्याला वाटायचं. आपलं पोर आजारी नाही, हे त्याच्या लक्षात आलंच नाही.

त्या शनिवारी भजन झालं. भजन संपलं की सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं, लहान-मोठं न बघता, अशी चाळीची रीत होती. आठवडाभराचं भांडण असलं तरी तिथे वाकलं की मिटलं. चिंतामणी एकेकाच्या पाया पडत विठोबापाशी आला आणि वाकला. विठोबाने पाय मागे घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गेटाच्या आत गेल्ल्या माणसान माझ्या पायाक हात लावचो नाय."

चिंतामणी वाकलेलाच राहिला क्षणभर. मग उठला, पेटीचा भाता बंद केला आणि घरी गेला.

पुढच्या शनिवारी त्याला कुणी बोलवायला गेलं नाही. गणपतीच्या आधी तो बिऱ्हाड घेऊन घोडपदेवला गेला. दोन वर्षांनी मालकाने साचेखातंच बंद केलं. आत गेलेला आणि बाहेर राहिलेला, दोघेही रस्त्यावर आले. चिंतामणी दादरला एका गोदामावर वॉचमन झाला आणि विठोबा इथे, गिरगावात. चाळीचं भजन तोवर मोडलं होतं. बुवा नाही म्हटल्यावर माणसं किती दिवस नुसते टाळ कुटतील?

शहाण्णव साली चिंतामणी स्टुडिओच्या दारात उभा राहिला तेव्हा केस पांढरे झाले होते. त्याने विठोबाकडे न बघता रूपर्टला सांगितलं, की एक भजन आहे, मीच बांधलंय, पेटीही माझीच. आधी, फितीचं पहिलं मिनिट मोकळं सोडून, पेटी आणि झांज भरून झाली. मग आवाजाची वेळ आली, आणि तेवढ्यात रूपर्टला वर फोन आला. काचेच्या एका बाजूला माइकपुढे चिंतामणी आणि दुसऱ्या बाजूला मशिनीपुढे विठोबा, दोघेच राहिले.

विठोबाने फीत सुरू केली. पहिल्या ट्रॅकचा लाल दिवा लागला. चिंतामणीने गायला सुरुवात केली नाही. त्याने काचेतून विठोबाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि बोलायला लागला.

विठोबाने स्पीकरचं बटण फिरवून आवाज पूर्ण बंद केला.

मशिनीवर आवाजाचे दिवे असतात, आवाज चढला की वर चढणारे. पहिल्या ट्रॅकचे दिवे मिनिटभर चढत-उतरत राहिले. काचेपलीकडे चिंतामणीचे ओठ हलत होते. विठोबा दिव्यांकडे बघत राहिला. मग ओठ थांबले आणि दिवे एकदम उंच, एका लयीत चढायला लागले. तेव्हा त्याला कळलं की भजन सुरू झालंय. तरी त्याने आवाज वाढवला नाही. मधेमधे दिवे अगदी विझायचे आणि परत चढायचे. म्हाताऱ्याला दम पुरत नाही, असं त्याला वाटलं.

जाताना चिंतामणी रूपर्टला म्हणाला, "सातवा रिकामा ठेवा. पखवाजवाला येईल तेव्हा वाजवील. तोवर ते असंच राहू द्या." पुढे दोन-तीनदा त्याचा फोन आला. "आला काय?" एवढंच विचारायचा. मग फोन यायचे थांबले.

कुठल्याही दुपारी विठोबाला ती फीत लावून ऐकता आली असती. मनात यायचं, आणि तो मनाशीच म्हणायचा, उद्या बघू. अशी तीन वर्षं गेली. आणि मग नव्याण्णव साली त्याने मशिनीतला एक नट फिरवला.

"टेप आहे बाय," रूपर्ट कमलला सांगत होता. "पण ती वाजत नाही. ह्याला विचार."

कमल विठोबाकडे वळली. विठोबाने कापड काढलं, पहिल्या मशिनीचं झाकण उघडलं आणि तिला जवळ बोलावलं. यंत्र दाखवताना त्याची जीभ जरा मोकळी व्हायची.

"हा ड्रम बघ. ह्यात डोकी असतात, ती फीत वाचतात. फीत इकडून येते, ह्या खांबाला वळसा घालून ड्रमला लपेटते. हा खांब केसभर वर-खाली झाला तर फीतही वर-खाली होते. आमच्या मशिनीचा खांब पहिल्यापासून जरा खाली होता. आम्हाला कळलंच नाही. इथली फीत ह्याच मशिनीवर वाजायची, दुसरी तेव्हा आली नव्हती, मग कळणार कसं? नव्याण्णव साली दुसऱ्या एका स्टुडिओची तक्रार आली, तुमच्या फिती आमच्याकडे लागत नाहीत. मग मी त्यांची फीत लावून, हा नट फिरवून खांब सरळ करून घेतला."

"मग?"

"मग मशीन बरोबर झाली. आणि त्याआधीच्या सगळ्या फिती चुकीच्या ठरल्या. वाजेनात."

"मग परत होता तसा करा."

विठोबाने बोटाने नटावरची धूळ पुसली. रूपर्ट म्हणाला, "सांग ना तिला."

"कुठे होता ते ठाऊक नाही," विठोबा म्हणाला.

गिरणीत फिटरला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच: नट सैल करण्याआधी खूण कर. खडूने, पोगराच्या टोकाने, नखाने, कशानेही. म्हणजे काही बिनसलं तर होतं तिथे परत आणता येतं. बावीस वर्षांत विठोबाने एकही नट खूण केल्याशिवाय सोडला नव्हता. खात्याचा मुकादम, जॉबर, त्याला चिडवायचा, "घाडी स्वतःच्या सदऱ्याचं बटण काढतानाही खूण करतो." नव्याण्णवच्या त्या दिवशीही खडू हातात होता. पण त्याने खूण केली नाही. चुकीच्या जागेची खूण ठेवून करायचं काय? परत तिथे जायचंय कुणाला? असं त्याला वाटलं होतं. दोन दिवसांनी त्याने चिंतामणीची फीत लावून बघितली. मशिनीतून एक अक्षर आलं नाही.

कमलने मशीन नीट पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं. "विठू म्हणजे विठोबा घाडी ना? डिलाईल रोडचे?"

"हो."

"ताप आलेली ती मीच."

"ठाऊक आहे बाय."

ती आणखी काहीतरी बोलेल असं विठोबाला वाटलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिने पर्स खाली ठेवली, स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाली, "मी हाफ डे टाकलाय. तुम्ही करा काय करायचं ते."

विठोबाने आधी दुसरी मशीन साफ केली. कातड्याची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवून ड्रमला नुसती टेकवून धरायची आणि ड्रम हाताने हळूहळू फिरवायचा. घासायचं नाही, घासलं की डोकं तुटतं. मग त्याने दोन्ही मशिनींच्या मधे काचेच्या तंतूची वायर जोडली. त्या तंतूतून उजेड जातो आणि त्या उजेडातून आवाज. पहिल्या मशिनीवर जे वाजेल ते जसंच्या तसं दुसरीवरच्या नव्या फितीत उतरायचं.

"ऐक," रूपर्ट म्हणाला. "फीत जुनी आहे. खांब चुकीच्या जागी असताना जितक्या वेळा चालवशील तितकी तिची कड दुमडणार. सहा-सात फेऱ्या, मॅन. त्यापुढे फीत राहणार नाही."

"म्हणून एकाच तुकड्यावर बघायचं," विठोबा म्हणाला. "खराब झाला तर तेवढाच होईल."

"कुठला तुकडा?"

विठोबाने फीत आत सरकवली. "सुरुवातीचा. पहिलं मिनिट. तिथे भजन नाही."

रूपर्टला तेवढंच कळलं. त्या मिनिटात काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. त्या वेळी तो वर फोनवर होता. कमललाही माहीत नव्हतं. ते फक्त विठोबाला ठाऊक होतं. म्हणजे त्यालाही नव्हतंच. आठ वर्षं तो त्या एका मिनिटाभोवती घुटमळत होता. चिंतामणीने शिव्या दिल्या असतील? गाऱ्हाणं घातलं असेल? पोर बरी झाली, एवढंच सांगितलं असेल? ते मिनिट खर्ची घातलं तर भजन वाचतं. भजनाच्या तुकड्यावर बघावं तर मिनिट वाचतं, पण मग ह्या मुलीच्या हाती फाटकं भजन पडतं. ज्या मुलीच्या तापाची त्याने तेव्हा पर्वा केली नाही, ती समोर स्टुलावर बसली होती.

त्याने खडू घेतला आणि नटावर आणि पट्टीवर मिळून एक बारीक रेघ मारली. मग नट एक अष्टमांश फिरवला आणि बटण दाबलं.

काहीच नाही. आकडे पुढे सरकत होते आणि त्यांच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका पेटलेला होता.

"तो ठिपका काय?" कमलने विचारलं.

"फितीवरचं वाचता आलं नाही की मशीन अंदाजाने भरते. रफू करते म्हण ना. रफू करते तोवर ठिपका पेटतो. फारच फाटलेलं असलं तर गप्पच बसते."

"म्हणजे ठिपका विझला की खरा आवाज."

"हुशार आहेस."

"नुसती बडबडी आहे, बाबांसारखी नाही. बाबा फार गप्प होते."

"गप्प?" विठोबाच्या तोंडून निघून गेलं. "चिंतामणी? साच्यांच्या गोंगाटात चार रांगा पलीकडच्या माणसाची टर उडवायचा तो, नुसत्या हातवाऱ्यांनी! एकदा जॉबरच्या टोपीवर..." तो थांबला. ह्या मुलीला तिचा बाप गप्पच मिळाला होता, आणि कुणामुळे मिळाला ते दोघांनाही ठाऊक होतं.

दुसरी फेरी, तिसरी. प्रत्येक वेळी नव्या जागी नवी रेघ. चौथ्या फेरीला स्पीकरमधून एक खरखरीत तुकडा आला, वाळूवर डबा घासल्यासारखा. जुन्या स्पूलवर आवाज कमी-जास्त व्हायचा, धुरकट व्हायचा, तरी माणूस ओळखू यायचा. ह्या मशिनीचं तसं नाही. आवाज आहे तर अख्खा आहे, नाही तर अजिबात नाही. मधलं काही तिला कळत नाही. विठोबाला ती पहिल्यापासून का आवडली होती, ते त्याला आज उमगलं. तो स्वतःही तसाच होता.

पाचव्या फेरीला फीत बाहेर काढून त्याने उजेडात धरली. सुरुवातीच्या हातभर भागाची कड पापडासारखी लाटालाटांची झाली होती.

"अजून दोन," रूपर्ट हळूच म्हणाला.

सहाव्या फेरीला ठिपका लुकलुकला. विठोबाने कान मशिनीला लावला, नट अगदी केसाएवढा हलवला, आणि ठिपका विझला. दोन सेकंद. तेवढ्यात कुणीतरी श्वास घेतलेला ऐकू आला. खोलीत चौथा माणूस आहे असं वाटून कमलने मागे वळून पाहिलं.

"हीच जागा," विठोबा म्हणाला. त्याने नट कसला आणि त्यावर जाड, ठळक रेघ मारली. पाच वर्षं उशिरा.

रूपर्ट दुसऱ्या मशिनीचं बटण दाबायला पुढे झाला. "पहिल्यापासून घेऊ?"

विठोबाचा हात बटणावर होता. आता जागा सापडली होती. पहिलं मिनिट कदाचित आत्ता वाजलंही असतं. पण लाटा पडलेली ती फीत ड्रमपाशी अडकली असती तर पुढचं सगळंच ओढून नेलं असतं.

"सुरुवात सोडा," तो म्हणाला. "भजनापासून घेऊ."

दोन बोटांनी कॅसेटचं चाक फिरवून त्याने खराब भाग हातानेच पुढे नेला. मग फीत आत गेली, ड्रम फिरायला लागला, आणि चिंतामणी परब गायला लागला.

"भोंगा थांबला रे देवा, आता कोण उठवील..."

कमलने दोन्ही हात गालांवर धरले. आवाज म्हातारा होता, जरा बसकाही, पण वरच्या पट्टीत सरळ जात होता. रूपर्ट ठिपक्याकडे बघत उभा होता. ठिपका तीन-चारदा लुकलुकला, बाकी विझलेलाच राहिला.

विठोबा मात्र वेगळंच ऐकत होता. पहिलं कडवं झालं आणि चिंतामणी थांबला. पेटी एका सुरावर धरून ठेवलेली, झांज हलकी चालू, आणि आवाज नाही. विठोबाने मनात मात्रा मोजल्या. बरोबर सोळा. मग चिंतामणीने ओळ पुन्हा उचलली. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा तसंच. सोळा मात्रा रिकाम्या.

हीच ती जागा. डिलाईल रोडच्या त्या खोलीत प्रत्येक कडव्यानंतर विठोबा तिथे पखवाज मोकळा सोडायचा, आणि चिंतामणी डोळे मिटून मान डोलवत वाट बघायचा. दिवे विझले तेव्हा दम संपला नव्हता. वाजव, म्हणत होता.

अकरा मिनिटांनी भजन संपलं. नव्या फितीत सगळं उतरलं होतं. विठोबाने ती फीत कमलच्या हातात दिली आणि मगच जुनीकडे वळला.

"साहेब, आता पहिलं मिनिट लावून बघतो."

"काय आहे त्यात?"

"बोललाय तो. माझ्याशी. मी तेव्हा आवाज बंद केला होता."

रूपर्ट मशिनीपासून बाजूला सरकला. विठोबाने फीत मागे नेली आणि बटण दाबलं. स्पीकरचं बटण त्याने आज पूर्ण उघडलं होतं. चिंतामणी खाकरला. तोच तो खाकरा, बोलायच्या आधीचा. मग ठिपका पेटला आणि पेटलेलाच राहिला. मशीन गप्प. दहा सेकंदांनी आतून कागद चुरगळल्यासारखा आवाज आला आणि ड्रम थांबला. विठोबाने चिमट्याने फीत सोडवली. ती जिलबीसारखी वेटोळी होऊन त्याच्या हातात आली.

बराच वेळ तो ती बोटांनी सरळ करत बसला.

"काका," शेवटी कमल म्हणाली. तिने त्याला पहिल्यांदाच काका म्हटलं. "ते मधेमधे थांबतात, ते काय?"

"माझी जागा आहे ती."

"मग ती तशीच नेऊ का मी? आईला काय सांगू, इथे बाबा का थांबले म्हणून?"

स्टुडिओत एक पखवाज होता, येणाऱ्या-जाणाऱ्या वादकांसाठी. विठोबाने एकोणीस वर्षं त्याच्या वाद्या ताणल्या होत्या, त्याला ऊन दाखवलं होतं, पण त्यावर थाप कधी मारली नव्हती. त्याने तो भिंतीवरून उतरवला. रूपर्टने जिन्यातून वर बायकोला हाक दिली, "मार्गारेट, थोडी कणीक भिजवून दे!"

वरून उत्तर आलं, "आता कणीक कशाला? चपात्या तुमी खाली लाटनार हाय काय?"

"पखवाजाला, अगं! विठू वाजवतोय!"

मग मार्गारेट स्वतःच वाटीत कणकेचा गोळा घेऊन खाली आली आणि दाराशी उभी राहिली.

विठोबाने डाव्या पुडीवर कणीक थापली, एकदा थाप मारून बघितली, थोडी काढली. मग काचेपलीकडे, चिंतामणी बसला होता तिथे जाऊन बसला. मशिनीपुढे आज रूपर्ट होता. कमलकडची नवी फीत दुसऱ्या मशिनीत लागली. सातव्या ट्रॅकचा लाल दिवा पेटला.

कानात चिंतामणी गायला लागला. विठोबाचे हात ठेका धरून राहिले, जरा अडखळत, पण राहिले. पहिलं कडवं संपलं. सोळा मात्रा आल्या. विठोबाचे हात उचललेच गेले नाहीत. बोटं आखडली होती, आणि डोळ्यांपुढे वाकलेला माणूस होता. मात्रा संपल्या, चिंतामणीने ओळ उचलली. दुसऱ्या वेळी हात उचलले, पण थाप उशिरा पडली, कच्ची पडली, आणि जागा निघून गेली. चिंतामणी थोडाच थांबणार होता? तो पुढे गेलाही.

तिसऱ्या कडव्यानंतर विठोबाने डोळे मिटले आणि वाजवलं. सोळाच्या सोळा मात्रा. सम पडली आणि त्याच क्षणी चिंतामणीने ओळ उचलली, जशी शनिवारी उचलायचा.

भजन संपल्यावर काचेपलीकडून रूपर्टचा आवाज आला. "विठू, शेवटचं फर्स्ट क्लास. आधीच्या दोन जागा राहिल्या. मागे घेतो, तेवढ्याच भरून काढ. दोन मिनिटांचं काम आहे, कुणाला कळणार नाही."

खरंच होतं. त्या मशिनीची तीच तर करामत होती. नेमकी तेवढीच जागा पुसून तिथे नवं भरता येत होतं, सांधा दिसत नसे.

विठोबाने पखवाज बाजूला ठेवला. काचेतून त्याने कमलकडे पाहिलं. ती कागदावरच्या सातव्या चौकटीतला 'बाकी' हा शब्द पेनाने खोडत होती.

"नको साहेब," तो म्हणाला. "त्या दोन तशाच राहू देत. तेव्हा मी नव्हतो."

मग तो उठला, समोरच्या माइकच्या स्टँडपाशी वाकला आणि खाली जमिनीला हात लावला. भजन संपल्यावर लावतात तसा.